परदेशात भाषा शिकवायला जायचं तर सर्टिफिकेट खरंच लागतं का? (सेल्टा, टेफल वगैरे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याची सर्टिफिकेटं)

शाईची_बाटली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतच होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी गेली चार वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, जवळपास सगळं ऑनलाइन, बॅचेस पण आणि एकेकट्यांना पण. डिग्री आहे पण कॉमर्सची, आणि शिकवण्याचं म्हणाल तर एकही कागद जवळ नाही. आता बाहेर जाऊन दोन-तीन वर्षं शिकवावं असं डोक्यात बसलंय, देश अजून ठरलेला नाही. तीन रिक्रूटर्सशी बोलले आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला डिग्री आहे ना मग बास, दुसरी म्हणाली १२० तासांचं टेफल लागेलच, कुठलंही चालेल, आणि तिसऱ्याने विचारलं सेल्टा आहे का, नाही म्हटल्यावर फोनच आटोपता घेतला.

तर प्रश्न असा की हे सर्टिफिकेट म्हणजे नुसता दाखवायचा कागद आहे का त्याने शिकवण्यात खरंच फरक पडतो? चार वर्षांचा अनुभव असताना परत 'शिकवायचं कसं' हे शिकायला जाणं मला जरा जिवावर आलंय, खोटं कशाला बोला.

अर्धविराम
काही फरक पडत नाही. हा सगळा धंदा आहे. ज्याला शिकवता येतं त्याला येतं, ज्याला येत नाही त्याच्या हातात चार सर्टिफिकेटं दिली तरी वर्ग झोपायचा तो झोपतोच. मी बाहेर दोन ठिकाणी शिकवलं, दोन्हीकडे डिग्रीची कॉपी मागितली आणि पासपोर्ट बघितला, संपलं. पैसे वाचवा आणि तिकीट काढा.

उडता_डस्टर
वाचतोय. (वर्ग झोपण्याच्या विषयात आमचा दांडगा अनुभव आहे.)

घंटा_झाली
अर्धविराम, तुम्ही 'दोन ठिकाणी' म्हणताय पण ती कुठली हे सांगितलं नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. मी बारा वर्षांत तीन देशांत शिकवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि रिक्रूटर लोक त्यांची खिचडी करतात. व्हिसाला काय लागतं ही एक, शाळेला काय हवंय ही दुसरी, आणि वर्गात उभं राहिल्यावर तुम्हाला काय लागतं ही तिसरी. पहिल्या दोन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो आणि तिसरीबद्दल तर कोणी विचारतच नाही.

व्हिसाचं बघा. जपानला शिकवायच्या नेहमीच्या व्हिसासाठी डिग्री बघतात, टेफल नाही. त्यांचा जेट प्रोग्रॅम, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला बोलावणारी सरकारी योजना, १९८७ पासून चालू आहे, त्यातही डिग्री लागते, शिकवण्याचं सर्टिफिकेट असलं तर जमेची बाजू, नसलं तर अडत नाही. कोरियाच्या ई-२ व्हिसाला, म्हणजे भाषा शिकवायच्या व्हिसाला, डिग्री, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, आणि इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सातातला पासपोर्ट. म्हणजे सेल्टा करून वर त्याच्या पुढचा डिप्लोमा, डेल्टा, जरी केलंत तरी पासपोर्ट त्या सातातला नसेल तर नेहमीच्या मार्गाने दार बंदच. चीनमध्येही इंग्रजीचा नियम याच वळणाचा, पण तिथे दोन वर्षांचा अनुभव नसेल तर १२० तासांचं टेफल त्याच्या जागी चालतं. तुमच्या दुसऱ्या रिक्रूटरचा १२० चा आकडा बहुतेक तिथूनच आला असणार.

म्हणून आधी देश ठरवा, मग पासपोर्टचा नियम बघा, आणि सर्टिफिकेटचा विचार त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात, आधी कोर्स करतात आणि मग कळतं की तो देश आपल्याला घेतच नाही.

अर्धविराम
म्हणजे मी म्हणतोय तेच झालं की. पासपोर्ट आणि डिग्री.

घंटा_झाली
अर्धंच झालं. :) थायलंडला शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचं, खुरुसफाचं, लायसन्स किंवा तात्पुरती परवानगी लागते. व्हिएतनामला वर्क परमिटसाठी डिग्रीबरोबर शिकवण्याचं सर्टिफिकेट मागतात. आणि दोन्हीकडे पासपोर्ट सातातला नसला तरी लोक शिकवतात, फक्त इंग्रजीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. तिथे सर्टिफिकेट असणं आणि नसणं यात नोकरी असणं-नसणं इतका फरक आहे.

नऊ_वाजताची_बॅच
माझी कर्मकहाणी सांगते, कोणाला तरी उपयोग होईल. मी एक ऑनलाइन १२० तासांचा कोर्स केला, नाव नाही लिहीत. १२० तास कसले, चार वीकेंडात उरकला. व्हिडिओ बघा, खाली दहा प्रश्न, चुकले तर परत द्या, परत चुकले तर परत द्या. शेवटी पीडीएफ आलं, सोनेरी किनार, खाली दोन 'आंतरराष्ट्रीय मान्यता' संस्थांचे शिक्के. हरखून मी ते एका भाषाशाळेला पाठवलं. तिथल्या बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं की यात प्रत्यक्ष शिकवण्याचे किती तास होते आणि ते कोणी बघितले?

शून्य. मी एकाही जिवंत माणसाला शिकवलं नव्हतं.

मग मी त्या मान्यता संस्था शोधायला बसले तर एकीचा आणि कोर्सवाल्यांचा पत्ता एकच निघाला. म्हणजे आपणच आपल्याला शाबासकी द्यायची असा प्रकार! टेफल हे कोणा एकाच्या मालकीचं नाव नाही, कोणीही उद्या उठून टेफल सर्टिफिकेट देऊ शकतं, हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

उडता_डस्टर
मग आपण या धाग्याचंच टेफल काढू. प्रतिसाद वाचल्याचे १२० तास. किनार सोनेरी हवी का चंदेरी ते कळवा. (ह. घ्या.)

पाचवा_बाक
नऊ_वाजताची_बॅच, तुम्हाला ती ओळ लिहिणाऱ्या बाई बरोबरच होत्या. मी टेबलाच्या त्या बाजूला बसते, म्हणजे शिक्षक निवडण्याचं काम करते, म्हणून तिथून काय दिसतं ते लिहिते.

एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो. पहिल्या चाळणीत मी कोर्सचं नाव बघतच नाही, दोनच आकडे शोधते: प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती आणि त्यातले कोणी मागे बसून बघितलेले किती. केंब्रिजच्या सेल्टात किमान १२० तास कोर्सचे आणि त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, ट्युटर मागे बसून प्रत्येक तास तपासणार. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटीसॉल हा सेल्टाच्या तोडीचा कोर्स, त्यातही असेच ६ तास. इंग्लंडच्या पात्रता यादीत दोन्ही लेव्हल ५ ला आहेत, आणि ती यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. एखादा कोर्सवाला 'आमचं लेव्हल ५' म्हणाला तर तिथे नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. पण एक सांभाळा, लेव्हल ५ लिहिलंय म्हणून आत शिकवण्याचा सराव असेलच असं नाही, लेव्हल खरी असून सराव शून्य असेही कोर्स आहेत.

आणि हे सहा तास माझ्या मनाचे नाहीत. ब्रिटनमधल्या भाषाशाळांना ब्रिटिश कौन्सिलची मान्यता हवी असेल तर शिक्षकांकडे बघितलेल्या सरावाचे निदान ६ तास असलेलं सर्टिफिकेट असावं अशी अपेक्षा असते, त्याला ते टेफल-आय म्हणतात. वरच्या जागांना टेफल-क्यू, म्हणजे डेल्टासारखा लेव्हल ७ चा डिप्लोमा. ही मोजपट्टी तिथून निघाली आणि दुसऱ्या देशांतल्या बऱ्याच शाळांनी तीच उचलली. तुमच्या तिसऱ्या रिक्रूटरने फोन ठेवला तो उर्मटपणा झाला, पण त्याच्या शाळेचा नियम असाच काहीतरी असणार.

चार वर्षांचा अनुभव मी कमी लेखत नाहीये. पण अर्जात 'चार वर्षं ऑनलाइन, स्वतःच्या बॅचेस' असं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, या चार वर्षांत तुमचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाने कधी बघितलाय का? बहुतेकांचं उत्तर नाही असं असतं.

शाईची_बाटली
पाचवा_बाक, जरा लागलंच हे मनाला, पण खरंय. कोणीच बघितलेला नाही. विद्यार्थी टिकतात, दुसऱ्यांना सांगतात, त्यावरून मी धरून चालले होते की बरं चाललंय.

म्हणे_तज्ज्ञ
बी.एड. असेल तर हे सगळं माफ का? का तेही यात मोजत नाहीत?

पाचवा_बाक
बी.एड.चा रस्ता वेगळा. भाषाशाळा आणि नियमित शाळा ही दोन जगं आहेत. नियमित किंवा इंटरनॅशनल शाळेत इंग्रजी, फ्रेंच जे काय असेल ते विषय म्हणून शिकवायचं तर तिथे बी.एड., पीजीसीई (ब्रिटनमधलं बी.एड.सारखं), त्या देशाचं शिक्षक लायसन्स हेच बघतात, सेल्टाला कोणी विचारत नाही. उलट मोठ्यांच्या भाषाशाळेत नुसतं बी.एड. दाखवलंत तर विचारतील की त्या भाषेतून दुसरा विषय नाही, ती भाषाच शिकवायचा सराव कुठे केलात.

तिथेही एक खड्डा आहे. पीजीसीईच्या पुढे 'आय' लावलेला प्रकार मिळतो, पीजीसीईआय. घरबसल्या करता येतो, चांगलाही असतो, पण त्याने इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे तिथला शिक्षकाचा दर्जा, मिळत नाही. लोकांना कोर्स झाल्यावर कळतं. परदेशात राहून तो दर्जा हवा असेल तर आयक्यूटीएस नावाचा वेगळा मार्ग २०२२ पासून आहे.

कांजी_काकू
सगळे इंग्रजीबद्दलच बोलताय म्हणून मधे तोंड घालते. मी जपानी शिकवते. आमच्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे भाषेची परीक्षा आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट एकच समजणं. एन-१, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतली सगळ्यात वरची पातळी, झालं की मुलं विचारतात, काकू आता मी शिकवू शकतो ना? अरे बाबा, एन-१ म्हणजे तुला जपानी येतं. पोहता येणं वेगळं आणि दुसऱ्याला पाण्यात उतरवणं वेगळं.

जपानमध्ये आजवर ४२० तासांचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स हे चलनी नाणं होतं. आता एप्रिल २०२४ पासून त्यांनी नोंदणीकृत जपानी-भाषा शिक्षक अशी राष्ट्रीय पात्रताच सुरू केली, परीक्षा आणि प्रत्यक्ष सराव दोन्ही त्यात आहेत. सरकारमान्य जपानी भाषासंस्थांमध्ये शिकवायचं तर ती लागणार, जुन्या शिक्षकांना काही वर्षांची सवलत ठेवलीय. म्हणजे अर्धविराम म्हणतात तसं 'काही लागत नाही' हे आमच्याकडे चालणार नाही.

जर्मनीतही निर्वासित आणि स्थलांतरितांसाठी जे सरकारी इंटिग्रेशन कोर्स चालतात, तिथे शिकवायला त्यांच्या स्थलांतर खात्याची, बाम्फची, परवानगी लागते. तुमचं जर्मन सी-२, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं, असलं तरी. आणि फ्रेंचवाल्यांचं दाएफ्ल आहे, म्हणजे फ्रेंच शिकवण्याचा अलियाँस फ्राँसेझचा डिप्लोमा.

म्हणे_तज्ज्ञ
काकू, पाण्यात उतरवण्याचं भारी होतं.

अर्धविराम
ठीक आहे, व्हिसाला आणि शाळांना लागतं, मान्य. पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच की. शिकवण्यात फरक पडतो का? सेल्टासारख्या चार आठवड्यांच्या पूर्णवेळ कोर्समध्ये कोणी शिक्षक होतो यावर माझा विश्वास नाही. शाळेत शिकवायला वर्ष-दोन वर्षांचं शिक्षण घेतात आणि इथे एका महिन्यात?

घंटा_झाली
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. महिन्याभरात शिक्षक कोणी होत नाही. या कोर्सची सुरुवातच मुळात तशी झालीय, जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनमध्ये इंटरनॅशनल हाऊसतर्फे पहिला कोर्स घेतला तो दोन आठवड्यांचा होता, कारण त्यांना स्वतःच्या वर्गांसाठी लवकर शिक्षक हवे होते. म्हणजे तो तातडीचा इलाजच होता आणि अजूनही बऱ्यापैकी तसाच आहे.

पण माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मी सेल्टाला गेलो तेव्हा माझा तीन वर्षांचा अनुभव होता आणि डोक्यात हवा. दुसऱ्याच लेसनला 'यूज्ड टू' शिकवत होतो, आय यूज्ड टू स्मोक वगैरे. उदाहरणं दिली, फळ्यावर नियम लिहिला, मग विचारलं 'समजलं का?' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश.

तास झाल्यावर ट्युटरने एक कागद पुढे केला. त्यावर दोन रकाने, मी बोललो ती मिनिटं आणि विद्यार्थी बोलले ती मिनिटं. पहिल्या वीस मिनिटांत विद्यार्थ्यांच्या रकान्यात जेमतेम दोन. आणि खाली एक प्रश्न: 'मागच्या ओळीतल्या त्या बाई अजून सिगरेट ओढतात असं समजून गेल्या, तुमच्या लक्षात आलं का?' माझ्या आलंच नव्हतं. त्या बाईंनी वहीत लिहिलं होतं 'आय यूज्ड टू स्मोक एव्हरी डे नाऊ'. ट्युटर मागे बसला होता म्हणून त्याला वही दिसली. मला तीन वर्षांत एकही वही अशी दिसली नव्हती, कारण मी कायम पुढे उभा.

मग त्याने शिकवलं की 'समजलं का' हा प्रश्नच नव्हे, त्याचं उत्तर कायम हो असतं. विचारायचं असं: ती आधी सिगरेट ओढायची का? हो. आता ओढते का? नाही. एकदाच ओढली का बरेचदा? बरेचदा. तीन छोटे प्रश्न, एकेका शब्दाची उत्तरं, आणि कोणाचं गाडं कुठे अडलंय ते लगेच दिसतं. इतकी साधी गोष्ट. ती पुस्तकात वाचली असती तर मी 'हं, माहितीये' म्हणून पान उलटलं असतं.

बाकी त्या कोर्समधलं अर्धं मी विसरलो. लेसन प्लॅनचे ते चार-चार पानी तक्ते परत आयुष्यात भरले नाहीत. रात्री दोनपर्यंत कागदाच्या चिठ्ठ्या कापत बसायचो ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

अर्धविराम
हे पटलं. पण मग हे कोणी अनुभवी माणूस मागे बसवून फुकटातही होऊ शकतं.

घंटा_झाली
होऊ शकतं. बसवलंत का कधी?

अर्धविराम
नाही. :(

कांजी_काकू
ट्रिनिटीच्या कोर्समध्ये एक फार छान भाग असतो तो कोणी सांगितला नाही. तिथे तुम्हाला एक पूर्ण अनोळखी भाषा थोडे तास शिकवतात, तुम्ही विद्यार्थी, आणि मग त्यावर लिहायचं. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला हंगेरियन आली. पंधरा वर्षं शिकवलेली बाई, पण पहिल्या तासाला शिक्षिका तिच्याकडे बोट करून काहीतरी विचारायला लागली तर हिला घाम फुटला, शेजारणीच्या वहीत बघून उत्तर दिलं आणि वर हसली की कळलंय. मला म्हणाली, माझ्या वर्गात असं हसणारे किती जण असतील गं!

नऊ_वाजताची_बॅच
काकू :(  मी पण हसते अशी. जिमच्या ट्रेनरसमोर.

पाचवा_बाक
अजून एक राहिलं. टीसॉल इंटरनॅशनल या शिक्षकांच्या संघटनेने २००६ मध्येच भूमिका मांडलीय की मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून शिक्षकाला डावलू नये, पात्रता आणि शिकवणं बघावं. कागदावर छान आहे. जाहिरातीत 'नेटिव्ह ओन्ली' अजून दिसतंच. पण खरं सांगते, ज्याचा पासपोर्ट 'योग्य' त्याचं सर्टिफिकेटवाचून भागतं आणि ज्याचा नाही त्याच्याकडून दुप्पट कागद मागतात. अर्धविरामांना दोन ठिकाणी काही विचारलं नाही याचं कारण तेही असू शकतं.

अर्धविराम
माझा पासपोर्ट कॅनडाचा आहे. आता सगळे मिळून मला धुवा.

उडता_डस्टर
अर्धविराम आता पूर्णविराम!

नऊ_वाजताची_बॅच
शाईची_बाटली, कागदांबद्दल एक सांगते, सर्टिफिकेट कुठलंही करा पण त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर तसंच लिहून घ्या. माझी डिग्री लग्नाआधीच्या आडनावाने, पासपोर्ट नंतरच्या, आणि टेफलवर नुसतंच पहिलं नाव आणि इनिशियल. वर्क परमिटच्या वेळी त्या तीन कागदांवरची बाई एकच आहे हे सिद्ध करायला दोन महिने गेले. आणि डिग्रीवर अपोस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का) लागतं का वकिलातीचं अटेस्टेशन लागतं ते देशावर आहे. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल मानतो, त्याआधी वकिलातीच्या चकरा होत्या. यूएई अपोस्टिलच्या हेग करारात नाही, तिथे अजून वकिलातीचा शिक्का. जुन्या ब्लॉगवर वाचून निघू नका.

आणि 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' म्हणणारी शाळा दिसली की फोन तुम्ही ठेवा.

घंटा_झाली
शेवटच्या वाक्याला हजार वेळा अनुमोदन.

शाईची_बाटली
सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी अपडेट देतेय.

व्हिएतनाम नक्की केलं. आणि ऑनलाइन पीडीएफवाला रस्ता सोडून सेल्टाला अर्ज केला, समोरासमोरचा, पूर्ण वेळ. अर्जाबरोबर एक लेखी काम असतं आणि मग इंटरव्ह्यू. ट्युटरने सहज विचारलं, 'शी हॅज बीन टू पॅरिस' आणि 'शी हॅज गॉन टू पॅरिस' यातला फरक एखाद्या नवशिक्याला कसा सांगाल?

मला फरक माहितीये हो, एक जाऊन आलीय आणि एक अजून तिकडेच आहे. पण मी 'प्रेझेंट परफेक्ट हा काळ...' अशी सुरुवात करून जे बोलत सुटले ते बोलतच सुटले, समोरची बाई शांतपणे ऐकतेय. चार मिनिटांनी तिने विचारलं, नवशिक्याला यातलं किती कळलं असेल? मग घंटा_झालींचं आठवलं आणि म्हटलं, मी विद्यार्थ्याला विचारेन, ती आत्ता कुठे आहे? बाई हसली आणि काहीतरी लिहून घेतलं.

घेतलंय मला. सोमवारपासून कोर्स, महिनाभर इकडे फिरकायला जमेल असं वाटत नाही.

कांजी_काकू
शाब्बास गं! जेवणाखाण्याकडे लक्ष दे, त्या महिन्यात लोक विसरतात.

घंटा_झाली
अभिनंदन. चिठ्ठ्या कापायला चांगली कात्री घेऊन जा.

उडता_डस्टर
म्हणजे ताई सोमवारपासून 'गॉन'. महिन्याने 'बीन' होऊन या, मग धागा वर काढू.